येसूबाईचं लटकं रुखवत

पावस-गोळप भागात १९२४च्या उन्हाळ्यात लग्नाला गेलेला माणूस करंजी उचलली की आधी ती कानाशी नेऊन हलवायचा. सारण खुळखुळलं तर खायची, नाही तर हळूच शेजारच्याच्या पानात सरकवायची. पुढच्या उन्हाळ्यात येसूबाईने करंजीत कापसाबरोबर चिमूटभर तांदळाचे दाणे घालायला सुरुवात केली. खोटी करंजीही खुळखुळू लागली आणि लोकांनी कान लावणं सोडून दिलं.

येसूबाई कोणी हलवाईण नव्हती. पावसला नदीच्या अंगाला तिचं कौलारू घर, मागे थोडे माड, नवरा बोटीवर. घरकाम, माडांचं शिंपणं आणि मालन नावाची मुलगी, एवढाच तिचा व्याप. पण लग्नसराई लागली की आजूबाजूच्या वाड्यांतून तिला बोलावणं यायचं. निरोप एकच असायचा, "येसूवयनी, पयलं ताट तुमचं हां."

लग्नाच्या दिवशी मुलीकडच्या बायका वऱ्हाडाच्या बिऱ्हाडी, म्हणजे जानोशावर, फराळाची ताटं घेऊन जातात, ते रुखवत. नवरीच्या हातचं म्हणून ते मांडायचं आणि वरपक्षाने खाऊन वाखाणायचं, ही रीत सगळीकडची. या किनाऱ्याच्या काही गावांत मात्र पहिलं ताट खोटं असायचं. विहिणीने लाडू फोडायचा, आत कोंडा निघायचा, विहीण ओरडायची, मुलीकडच्या बायका पोट धरधरून हसायच्या. मग खऱ्या फराळाचं दुसरं ताट पुढे यायचं. दोन घरं एकमेकांपुढे अवघडून बसलेली असत, ती या ओरड्याने मोकळी होत.

खोटं ताट करणाऱ्या बायका गावोगाव होत्या. येसूबाईचं वेगळेपण असं की तिचं खोटं कोणाला ओळखू यायचं नाही. लाडवाच्या कोंड्यात ती तांदळाची पेज घालून तो वळायची आणि वर खरा बेदाणा टोचायची. काथ्याचे तंतू हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवले की त्यांची शेव व्हायची. करंजीची पारी खरी, तळणं खरं, आत फक्त सावरीचा कापूस. डाव्या हातात खरी आणि उजव्या हातात खोटी करंजी घेऊन ती डोळे मिटून तोलायची. वजनात फरक लागला तर खोटी मोडून टाकायची.

आंबे ती चिकणमातीचे करायची. गेरू आणि हळद फासून रंग द्यायची, वरून पिकल्या आंब्याची साल चोळायची म्हणजे वास यायचा, आणि खरा देठ खोचून त्याच्या बुडाशी चिकाचा एक थेंब सोडायची. गोळपच्या एका लग्नात नवऱ्याच्या मामाने, जो स्वतः आंब्याचा व्यापारी होता, असा आंबा दाबून पाहिला, हुंगला आणि गंभीरपणे सांगितलं, "अजून दोन दिवस अढीत ठेवायला हवा." तो मामा पुढे त्या गावात आला की लोक त्याला अढीची चौकशी करत.

तिने काही नियमही घालून घेतले होते. तोंड भाजेल किंवा पोट बिघडेल असं काही घालायचं नाही. विड्यात मिरची भरणाऱ्या बायकांना ती नावं ठेवायची. एका माणसाला दोनदा फसवायचं नाही. आणि फसलेल्या माणसाने ओरडायच्या आधी आपल्यापैकी कोणी हसायचं नाही.

तिचा नवरा आत्माराम बोटीवर सुकाणी होता. रजेवर आला की ओटीवर बसून तिचं हे काम बघत बिडी ओढायचा. एकदा म्हणाला, "ह्याला साहेब ट्रिक म्हणतो."

"कशाला?"

"ह्या असल्या फसवण्याला. जादूवाला टोपीतनं कबुतर काढतो, ती ट्रिक. पत्त्यांत हात झाला, तीपण ट्रिक. एखादं काम करायची खुबी सापडली, ती ट्रिक. आणि मी दोन तास सुकाणावर उभा ऱ्हातो ना, त्या पाळीलापण ट्रिकच म्हणतात."

"सुकाण धरण्यात फसवायचं काय?"

"ता साहेबाला इचारायला हवा."

येसूबाईला त्या शब्दाचं काही कौतुक वाटलं नाही. "एवढं सगळं एका शब्दात कोंबायचं म्हणजे साहेबाकडे शब्दांचा दुष्काळच हाय," ती म्हणाली. "दुकानदार करतो ती लबाडी. मुंबईवाला मारतो ती थाप. पोरं दाखवतात ती हूल. रानात वाट चुकवतो तो चकवा. मी करते ता लटकं. लटक्यात फसला त्याचं काय जात नाय, उलट मागनं खरं मिळतं."

आत्माराम म्हणाला, "बरं बाई, तू साहेबाची शाळा घे."

हे सगळं हसण्यावारी चाललेलं असलं, तरी येसूबाई त्या पहिल्या ताटाकडे निव्वळ गंमत म्हणून बघत नव्हती. तिची चुलतबहीण सखू पूर्णगडच्या बाजूला दिली होती. तिच्या लग्नात सासूने खोटा लाडू फोडला, कोंडा बघितला आणि ताट उचलून अंगणात भिरकावलं. तेव्हा लोकांनी समजूत काढून लग्न पार पाडलं. पुढे सखूचं त्या घरात जे झालं ते सगळं त्या भिरकावलेल्या ताटात आधीच दिसलं होतं, असं येसूबाईचं ठाम मत होतं. तेव्हापासून विहीण करंजी तोंडात घालते त्या घटकेला ती विहिणीच्या चेहऱ्याकडे डोळ्यात तेल घालून बघायची. हसली तर घर बरं. रागावून मग हसली तरी चालेल. लाजली तर फारच चांगलं. तिचे हे अंदाज सहसा चुकत नसत, म्हणून घरोघरच्या आया लग्न आटोपलं की हळूच तिला विचारायला यायच्या, "काय गो, कशी हाय?"

१९३१च्या वैशाखात तिच्यावर स्वतःच्याच मुलीच्या बाबतीत ही पाळी आली.

मालनची सोयरीक आत्मारामने समुद्रावरच जुळवली होती. बोटीच्या भट्टीत कोळसा ओढणाऱ्या एका आगवाल्याचा चुलता सखाराम, राहणार सावर्डे, त्याचा मुलगा भागोजी. घर जातीतलं, शेती बऱ्यापैकी, मुलगा मुंबईला गोदीत. खोली मिळेपर्यंत सून सावर्ड्याला सासूजवळ राहायची होती. म्हणजे मालनला खरं नांदायचं होतं ते यमुनाबाईंपाशी, आणि या यमुनाबाई कशा, हे पावसात कोणालाच माहीत नव्हतं. घर बघायला पुरुष गेले होते. त्यांनी परत येऊन गोठा मोठा असल्याचं सांगितलं.

"आणि सासू?" येसूबाईने विचारलं होतं.

"चहा चांगला केला होता," आत्माराम म्हणाला.

सावर्डे म्हणजे खाडी ओलांडून, रत्नागिरीहून सर्व्हिस मोटारीने चिपळूणच्या वाटेवर. उठून बघून येण्यासारखं नव्हे. येसूबाईला ती बाई पारखायला एकच जागा होती, जानोसा, आणि एकच वेळ, रुखवताची.

तिची नणंद गोदा हिने आदल्या दिवशी तळण काढताना विषय काढला. "वयनी, हे लोक खाडीपलीकडचे, वरच्या अंगाचे. त्यांच्यात असलं काय असतं का नसतं, कुणास ठाऊक. आपल्या पोरीच्या वेळी तरी पयलं ताट नको."

"आपल्या पोरीच्याच वेळी हवं," येसूबाई म्हणाली आणि करंजीला मुरड घालत राहिली. त्या दिवशी तिने मोडलेल्या करंज्या नेहमीपेक्षा जास्त होत्या.

मुहूर्त गोरजाचा होता. वऱ्हाड सकाळीच आलं आणि शेजारच्या धाकूच्या घरी उतरलं. वऱ्हाडात सर्वांत मोठा आवाज महिपतचा, म्हणजे यमुनाबाईंच्या धाकट्या दिराचा. इथलं पाणी मचूळ, इथला भात चिकट, इथला वारा खारट, असं तो आल्यापासून ज्याला त्याला सांगत होता. यमुनाबाई उंच, हाडापेराने मोठी, कमी बोलणारी बाई होती. खांबाला टेकून बसली होती. चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं, आणि नेमकं तेच येसूबाईला नको होतं.

दुपार कलल्यावर बायका रुमालाने झाकलेलं पहिलं ताट घेऊन गेल्या. गोदा पुढे होती. येसूबाई खऱ्या फराळाचं ताट हातावर घेऊन माजघराच्या दाराआड उभी राहिली. तिथून तिला विहीण समोर दिसत होती.

गोदाने रुमाल काढला. महिपत म्हणाला, "वा! खाण्यात तरी कायतरी बरं दिसतंय."

यमुनाबाईंनी करंजी उचलली आणि अर्धी तोंडात घातली. बायकांनी पदर तोंडाशी नेले.

यमुनाबाई चावू लागल्या. दोनदा जबडा हलला आणि थांबला. त्यांनी हातातल्या उरलेल्या अर्ध्या करंजीकडे पाहिलं. कापसाचं पांढरं टोक बाहेर आलं होतं, ते त्यांनी अंगठ्याने आत दाबलं. मग पुन्हा चावायला लागल्या, सावकाश, बैल कडबा चावतो तशा. गिळलं. उरलेला अर्धा तुकडाही तोंडात घातला, तोही चावला, तोही गिळला. पाण्याचा तांब्या उचलून घटाघटा प्यायल्या आणि म्हणाल्या, "बेस झाल्यात."

कोणी हसलं नाही. हसायचं कशाला, हेच कोणाला कळेना.

महिपतने ताटाकडे हात नेला. यमुनाबाईंनी त्यावर चापट मारली. "थांबा भावजी. ह्या देवाच्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. आणि लाडवास्नी पण हात लावू नका." एवढं बोलून त्यांनी ताट ओढून मांडीवर घेतलं, करंज्या, लाडू, शेव, सगळं पदरात बांधलं आणि उठून मागच्या दाराने निघून गेल्या.

बायकांचे पदर खाली आले. गोदा दाराआड आली, तिचा चेहरा उतरला होता. "बघितलंस? पुरावा बांधून घेतला. सावर्ड्याला नेऊन चार माणसांत मांडील नि सांगील, असलं खायला घातलं म्हणून. तुला सांगत होते मी."

"पण खाल्लीन कशाला?" येसूबाई म्हणाली.

"रागानं! माणूस रागानं काय वाटेल ते खातं."

येसूबाईला आजवर हसणाऱ्या विहिणी माहीत होत्या, रुसणाऱ्या माहीत होत्या, भिरकावणारी एक माहीत होती. गिळणारी तिने पहिल्यांदाच बघितली. हातातलं ताट तिने गोदाकडे दिलं. मुहूर्ताला अजून अवकाश होता. ही बाई अशीच मांडवात आली, तर मालन तिच्या पाठीमागून सावर्ड्याला जाणार होती, आणि ती कुठल्या घरात जातेय हे आपल्याला शेवटपर्यंत कळणार नव्हतं. त्यापेक्षा तोंडावर शिव्या खाल्लेल्या बऱ्या. ती मागच्या दाराने बाहेर पडली.

धाकूच्या घरामागे आंघोळीच्या पाण्याचं चुलाण पेटलेलं होतं. त्याच्यापुढे यमुनाबाई उकिडव्या बसल्या होत्या आणि पदरातून एकेक करंजी काढून विस्तवात सारत होत्या. कापूस भसकन पेटला की काठीने राख मोडत होत्या.

"विहीणबाय, काय करताय?"

यमुनाबाई दचकून वळल्या आणि पदर गोळा केला. "काय नाय. हात शेकतेय."

"वैशाखात?"

यमुनाबाईंनी घाम पुसला. इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही पोरीची आवस हायसा, तुमच्यापासनं काय लपवायचं. पण पोरीला बोलू नका हां. आजच्या दिवसाला तर मुळीच नको. खोबऱ्याच्या जागी कापूस गेला असंल, लगीनघाईत हात कुठं जातो नि डोळा कुठं जातो. पोर ल्हान हाय. शिकंल."

येसूबाई दोन पावलं पुढे आली.

"माझ्या लग्नाची गोष्ट सांगते," यमुनाबाई म्हणाल्या. "मी सासरी पयली भाकरी थापली, ती फुगली नाय नि एका अंगानं करपली. नणंदेनं ती सुतळीत ओवून दारावर टांगली. येणारा-जाणारा बघायचा, हसायचा. वाळून कडंग झाली तरी काढली नाय. तवाच मी ठरवलं, माझ्या सुनेची भाकरी कोण टांगणार नाय. आमचा महिपत काय गप बसणारा हाय? त्याच्या तोंडात एक करंजी गेली असती तर उद्या सावर्ड्याच्या बाजारात आरोळी झाली असती. म्हणून मग काय, गिळली."

येसूबाई समोरच्या दगडावर बसली. लबाडी, थाप, हूल, चकवा, सगळे शब्द तिच्याजवळ होते. या बाईने जे केलं होतं त्याला त्यातला एकही लागू पडत नव्हता. भरल्या जानोशात, इतक्या डोळ्यांदेखत, तिने सगळ्यांना फसवलं होतं, येसूबाईलासुद्धा, आणि तेही न बघितलेल्या सुनेसाठी.

"विहीणबाय," ती म्हणाली, "त्या करंज्या मालनच्या नव्हत. माझ्या."

"तुमच्या?" यमुनाबाईंच्या चेहऱ्यावर आता खरी कीव आली. "ह्या वयात?"

तेव्हा येसूबाईला हसू आवरेना. हसत, अडखळत, मध्येच डोळे पुसत तिने सगळं सांगितलं. पहिलं ताट, दुसरं ताट, कोंडा, काथ्या, दाराआड उभं राहणं. यमुनाबाई ऐकत होत्या. चेहरा पहिल्यासारखाच, काही थांग नाही.

"म्हंजे तुमच्यात मुद्दाम करतात?"

"मुद्दाम."

"आणि मी ओरडायचं होतं?"

"हो."

"आणि मी अख्खी खाल्ली."

"अख्खी. आजवर कोणी खाल्ली नव्हती."

"कापूस कसला?"

"सावरीचा. निवळ हाय, काय व्हायचं नाय."

"उशीत भरतात तो?"

"तोच."

यमुनाबाईंनी पोटावर हात ठेवला. "मंग आता मला झोपायला उशी नको," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा तो मोठा देह आधी खांद्यापासून हलायला लागला आणि मग हसू असं बाहेर पडलं की धाकूच्या गोठ्यातली गाय दावं ताणून उभी राहिली. दोघी विहिणी चुलाणापुढे एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून हसत होत्या. गोदा आवाज ऐकून धावत आली. तिला वाटलं, भांडण जुंपलं.

"गोदे, ते दुसरं ताट आण," येसूबाई म्हणाली.

खरी करंजी यमुनाबाईंनी आधी मोडून बघितली, मगच खाल्ली. "ही पोरीची?"

"सगळं ताट तिचं."

"मंग महिपतला काय देणार नाय मी ह्यातलं." त्यांनी पदर उघडून चाचपला. सगळं जळून एक करंजी आणि थोडी शेव उरली होती. करंजी त्यांनी वर धरून पाहिली, झटकली, मुरडीला लागलेली राख पुसली. "तुमची ही जोखून बघायची तऱ्हा चांगली हाय. पण माझ्या दिरावर न सांगता करायची नाय. माझ्या देखत करायची."

जानोशावर महिपत अजून खारट वाऱ्याविषयी बोलत होता. यमुनाबाईंनी करंजी त्याच्यापुढे धरली. "घ्या भावजी. देवाचं झालं. तुमच्यासाठी एक राखली."

"एकच?"

"मानाची हाय."

महिपतने घास घेतला. बायकांचे पदर पुन्हा तोंडाशी गेले. त्याने चावलं, थांबला, दोन बोटं तोंडात घातली आणि ओढायला लागला. कापूस लांबत लांबत बाहेर आला.

"आयला, ही तर समईची वात!" तो ओरडला.

मग जो हशा झाला तो येसूबाईच्या घरी बसलेल्या मालनपर्यंत गेला. तिच्या हातात बांगड्या भरणाऱ्या कासाराने काय झालं म्हणून विचारलं, तर तिला सांगता येईना. सखाराम, जो वऱ्हाड आल्यापासून तपकिरीपलीकडे कशात भाग घेत नव्हता, तोही इतका हसला की डबी उपडी झाली. महिपत आधी तापला, मग वहिनीकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्या तुम्ही! तुम्हाला ठाऊक होतं!" यमुनाबाई म्हणाल्या, "मी काय केलं? मला बेस लागली होती." आणि तो पण हसू लागला. रात्रीच्या जेवणात त्याने तो चिकट भात तीनदा मागून घेतला आणि प्रत्येक वेळी आधी बोटाने उकरून बघितला.

अक्षता वेळेवर पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या जुंपल्या. भाट्याच्या खाडीपर्यंत बैलगाड्या, पलीकडे होडीने, मग मोटार. मुलीची पाठवणी म्हणजे रडणं आलंच, आणि मालन मनापासून रडत होती. येसूबाईचे डोळे मात्र कोरडे होते. वाडीतल्या बायकांनी त्याची नोंद घेतली आणि एकीने नंतर बोलूनही दाखवलं. पाठराखीण म्हणून गोदा गाडीत चढून बसली होती.

येसूबाईने मुलीचा पदर सारखा केला आणि तिला जवळ ओढून हळू आवाजात सांगितलं, "एक लक्षात ठेव. सासूला कधी फसवू नको."

"मी कशाला फसवीन, आये?"

"गमतीतपण नको. मीठ जास्त पडलं, भात लागला, दूध उतू गेलं, जे झालं असेल ते सरळ सांगायचं. ती बाय तुला बोलायची नाय. गिळून टाकील. आणि तुला कळायचंपण नाय."

मालनने नाक पुसलं आणि पुढच्या गाडीकडे पाहिलं.

पुढच्या गाडीतून यमुनाबाईंनी मान वळवली. "काय शिकवताय गो माझ्या सुनेला?"

"काय नाय," येसूबाई म्हणाली. "तुमच्याबद्दल वाईट सांगतेय."

"सांगा, सांगा," यमुनाबाई म्हणाल्या. "पण लौकर सांगा, ओहोटी लागंल."

गाडीवानाने बैलांना हाळी दिली. येसूबाई कोपऱ्यावरच्या फणसापर्यंत गाडीबरोबर चालत गेली आणि तिथून परत फिरली. दुपारी गोळपच्या एका घरून माणूस आला होता, तिथे आठवड्याने लग्न होतं. तिने त्याला बसवलं, पाणी दिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा की मुलाकडची माणसं कुठली, आणि इथे पहिलं ताट खोटं असतं हे विहिणीला कोणी सांगितलंय का.

"सांगितलं तर मग मजा काय ऱ्हायली?" तो म्हणाला.

"तीपण खरी गोष्ट," येसूबाई म्हणाली, आणि सावरीचा कापूस पिंजायला घेतला.